गुहेचा पहिला पाठ

१

दिवाळीच्या सुट्टीत जुने विद्यार्थी घरी येतात, फराळाच्या बशीला हात लावतात, ‘सर, सध्या नवीन काय लिहिताय?’ असे विचारतात आणि उत्तर पुरते ऐकायच्या आत निघून जातात. शिक्षकाच्या आयुष्यातला हा ठरलेला आनंद आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. गेल्या वर्षी मात्र एक जण आला तो बसलाच. पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी, पगार चांगला, बरोबर बायको आणि आठ वर्षांची मुलगी. शाळेत असताना हा गणितात हुशार आणि निबंधात आळशी होता. आता त्याला एक छंद लागला आहे. तो जुने प्रोग्रॅम गोळा करतो.

कोणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कोणी अडकित्ते जमवतो, कोणी नुसत्या आगपेट्यांवरची चित्रे. हा गृहस्थ चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी कोणी कोणी कॉम्प्युटरसाठी लिहून ठेवलेले प्रोग्रॅम शोधून आणतो. ती यंत्रे आता बहुतेक मोडीत गेली. मग हे प्रोग्रॅम चालवायचे कोठे? त्यावर या लोकांनी मोठी गमतीची युक्ती काढली आहे. नव्या यंत्राला ते जुन्या यंत्राचे सोंग घ्यायला लावतात. सोंग इतके हुबेहूब वठते, की आपण परक्या घरी उतरलो आहोत याचा जुन्या प्रोग्रॅमला पत्ताही लागत नाही. या सोंगाड्याला ते एम्युलेटर म्हणतात.

“अरे, पण हे सगळे भंगारच ना?” मी म्हणालो.

“सर,” तो शांतपणे म्हणाला, “तुमच्या या कपाटात साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे दिवाळी अंक आहेत. ते काय आहे?”

शिक्षकाला विद्यार्थ्याचे असे उत्तर आवडते आणि झोंबतेही. मी गप्प बसलो. त्याने आपला कॉम्प्युटर उघडून माझ्यासमोर ठेवला. ‘अ‍ॅडव्हेंचर’ नावाची एक कृती त्यावर उघडली होती. जगभर ही खेळ म्हणून ओळखली जाते. पण तो म्हणाला, “खेळू नका, वाचा.”

मी तीन संध्याकाळी वाचली. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. कॉम्प्युटरशास्त्रातले मला काही कळत नाही. पण वीस वर्षे मुलांना भाषा शिकवतो आणि कादंबऱ्या लिहितो, त्यामुळे एखादा मजकूर अनुभवातून आला आहे की नुसता जुळवलेला आहे, एवढे ओळखता येते असा माझा समज आहे. या कृतीने तो समज एकदा खरा ठरवला आणि एकदा सपशेल खोटा पाडला. दोन्ही गोष्टी वाचकांना सांगाव्यात, म्हणून हा लेख.

२

प्रथम या कृतीचे रूप. पडद्यावर चित्र नाही, रंग नाही, आवाज नाही. इंग्रजीत चार-दोन वाक्ये उमटतात. तुम्ही कोठे आहात, भोवती काय दिसते, कोणत्या दिशेला वाट आहे, एवढे ती सांगतात. मग यंत्र थांबते. आता बोलायची पाळी तुमची. तुम्ही एक किंवा दोन शब्द टाइप करायचे. दिवा घे, खाली जा, दार उघड. यंत्र ते करते आणि त्यापुढची दोन वाक्ये लिहिते. जमिनीखाली एक प्रचंड गुहा आहे; तिच्यात शिरायचे, हिंडायचे, सापडेल ते धन बाहेर आणायचे. एवढेच कथानक.

यंत्राची शब्दसंपत्ती अगदी तोकडी. मूळ पाठात त्याला १९३ शब्द कळतात. त्यातही शब्दाची पहिली पाच अक्षरेच ते पाहते, पुढची वाया. कारण ज्या यंत्रावर ही कृती जन्मली त्या पीडीपी-१० नावाच्या यंत्राच्या स्मृतीतील एका घरात ३६ बिट मावत. एका अक्षराला ७ बिट धरले तर पाच अक्षरे बसतात आणि एक बिट शिल्लक राहतो. ओवी लिहिणाऱ्याला जसे चरणाचे, तसे या लेखकाला हे घराचे बंधन. बंधन कोणते आहे यावर कृतीची योग्यता ठरत नाही. त्या बंधनात लेखक कसा वावरतो यावर ठरते.

आणि हा लेखक फार मोकळेपणाने वावरतो. एकच प्रसंग सांगतो. गुहेत एक लहानसा पक्षी भेटतो. तुमच्याजवळ पिंजरा आहे. तुम्ही पक्षी धरायला जाता. तो घाबरतो, हाती लागत नाही. पुन्हा जाता, पुन्हा तेच. वाटेत सापडलेली एक काठी तुम्ही अजून हातात धरली आहे, हे फार उशिरा ध्यानात येते. काठी खाली ठेवली, की पक्षी पिंजऱ्यात येतो. पुढे वाट अडवून बसलेला एक भयंकर साप असतो. त्याच्यापुढे तुमचे काही चालत नाही. तो लहानगा पक्षी मोकळा सोडला, की तो सापाला पिटाळून लावतो.

यात कोठेही तात्पर्य सांगितलेले नाही. आमच्या बालवाङ्मयात हा प्रसंग आला असता, तर शेवटी ‘मुलांनो, यावरून काय शिकाल?’ असा प्रश्न हमखास आला असता. इथे लेखक गप्प आहे. काठी खाली ठेवायची ती वाचकाने स्वतः. कादंबरीत नायक चुकतो आणि आपण हळहळतो. इथे आपण स्वतः चुकतो आणि हळहळायला दुसरे कोणी नसते.

तसाच तो चकव्याचा भाग. एकासारखे एक असे बोळ. वर्णन शब्दशः तेच. कोठून आलो, कोठे चाललो, काही समजत नाही. यातून सुटायचा एकच मार्ग आहे. जवळच्या वस्तू एकेका ठिकाणी टाकत जायचे, म्हणजे तीच जागा पुन्हा आली की ओळख पटते. ज्याला काही टाकायचे जिवावर येते तो तिथेच फिरत राहतो. मी अर्धा तास फिरलो. लोभामुळे नव्हे, मला ते सुचलेच नाही म्हणून.

३

आता या कृतीचा जन्म. विल क्राउदर हा अमेरिकेतला प्रोग्रॅमर. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ज्या कंपनीने १९६९ मध्ये आजच्या इंटरनेटचे पूर्वज असलेले आर्पानेट उभे करायला घेतले, तिच्या लहानशा तुकडीतला तो एक. कामाचे तास संपले, की याला दुसरेच वेड होते: गुहा. तो आणि त्याची पत्नी पॅट्रिशिया, दोघेही केंटकी राज्यातल्या मॅमथ केव्ह आणि फ्लिंट रिज या गुहांच्या मोजणीत भाग घेत. पोटावर सरपटत जायचे, फीत आणि होकायंत्राने मापे घ्यायची, चिखलाने माखलेल्या वह्यांत ती टिपायची. घरी आल्यावर ते आकडे टेलिटाइपवर उतरवून क्राउदर कॉम्प्युटरकडून गुहेचे नकाशे काढून घेई.

९ सप्टेंबर १९७२ रोजी मोजणी करणारी एक तुकडी फ्लिंट रिजमधून निघून मॅमथ केव्हमध्ये पोचली. दोन गुहा आतून एकच आहेत हे सिद्ध झाले आणि १४४ मैलांची ती गुहा जगातली सर्वांत लांब गुहा ठरली. आज तिची मोजलेली लांबी ४०० मैलांहून अधिक आहे आणि तो मान तिने सोडलेला नाही. त्या दिवशीच्या तुकडीत पॅट्रिशिया क्राउदर होती.

थोड्याच वर्षांत त्या दोघांचा घटस्फोट झाला. क्राउदरचे गुहेत जाणेही सुटत गेले. ज्या मंडळींत पूर्वी दोघे मिळून जात, तिथे आता एकट्याने जाणे अवघड वाटू लागले. दोन मुली होत्या. त्या अधूनमधून वडिलांकडे येत. त्यांच्या आठवणीने तो हळवा होई. पुढे त्याने स्वतःच सांगितले आहे, की मुलींना गंमत वाटावी म्हणून आणि सुटलेल्या गुहेची भरपाई म्हणूनही त्याने १९७५-७६ च्या सुमारास हा प्रोग्रॅम लिहिला. कॉम्प्युटर न जाणणाऱ्याला भीती वाटू नये, म्हणून साध्या बोलीतले शब्द समजतील अशी त्याची रचना केली.

हे कळल्यावर मी मजकूर पुन्हा वाचला आणि एकदम वेगळा दिसला. पहिल्या वाचनात जी वाक्ये कोरडी वाटली होती, त्यांच्यात आता मोजणीदाराची शिस्त दिसू लागली. खड्डा किती खोल, छत किती उंच, बोळ कोणत्या दिशेने वळतो, दगड कोणत्या जातीचा. विशेषणांची उधळण नाही. ज्याने ती जागा गुडघ्यांनी अनुभवली आहे त्याला ‘भयाण’, ‘गूढ’ असले शब्द लागत नाहीत. आमच्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांतली भुयारे आठवून पाहा. त्यांत विशेषणे खच्चून भरलेली, पण भुयार डावीकडे वळते की उजवीकडे, हे लेखकालाही ठाऊक नसते. क्राउदरला ठाऊक आहे. मुलींना तो ज्या गुहेत नेतो आहे ती खरोखरीची आहे.

आणि मजकुरातला तो ‘तुम्ही’ कोण? इंग्रजी भाषेला इथे एक सोय आहे: ‘यू’ म्हटले की भागले. तो तू आहे, तुम्ही आहे की आपण आहे, पुरुष आहे की स्त्री, हे सांगावे लागत नाही. मराठीत हे वाक्य उतरवायला गेलो आणि पहिल्याच क्रियापदाशी अडलो. ‘उभे आहात’ म्हटले तर सरकारी सूचना वाटते. ‘उभा आहेस’ म्हटले तर मित्राशी बोलणे. पण बाप लेकीला काय म्हणेल? ‘उभी आहेस’ असेच ना? एवढे एक क्रियापद बदलले आणि सगळा मजकूर एका घराचा झाला. जगातल्या लाखो माणसांनी जो आवाज यंत्राचा म्हणून ऐकला, तो मुळात एका बापाचा आवाज आहे. हे इंग्रजी वाचकाच्या नजरेतून सहज निसटते. मराठी वाचकाला निसटू देता येत नाही. व्याकरणच आडवे येते.

४

इथपर्यंत माझा समज खरा ठरला. आता चूक सांगतो.

मी वाचत होतो तो पाठ एकट्या क्राउदरचा नव्हता. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या डॉन वुड्स नावाच्या विद्यार्थ्याला १९७६ मध्ये तिथल्या यंत्रावर हा प्रोग्रॅम सापडला. त्याला तो वाढवावासा वाटला. पण लेखक कोठे असतो हे ठाऊक नव्हते. तेव्हा त्याने आर्पानेटवरच्या प्रत्येक ठिकाणी ‘क्राउदर’ या नावाने पत्र पाठवले. गावोगावच्या पोस्टमास्तरांना ‘या नावाचा माणूस तुमच्याकडे आहे का?’ असे विचारावे तसे. क्राउदर तोवर कॅलिफोर्नियात आला होता. त्याचे उत्तर आले, त्याने संमती दिली आणि मूळ प्रोग्रॅमही धाडला. दुसऱ्याच्या कृतीत हात घालण्यापूर्वी इतकी खटपट करणारा वाढवणारा विरळा. १९७७ मध्ये वुड्सचा वाढवलेला पाठ बाहेर आला आणि तोच जगभर पसरला. त्याची अनेक रूपांतरे झाली, काहींत आणखी दालने जोडली गेली, आणि आमच्या पोथ्यांप्रमाणे या गुहेलाही पाठभेद फुटले.

वुड्स विनोदी लेखक आहे. त्याच्या पुलावर जकात म्हणून धन मागणारा राक्षस आहे. त्याचा ड्रॅगन नुसत्या हातांनी मारता येतो, फक्त ‘हातांनी?’ या यंत्राच्या थट्टेच्या प्रश्नाला गंभीरपणे ‘हो’ म्हणण्याचे धैर्य पाहिजे. दुसऱ्या एका चकव्याच्या पोटात दिव्याची बॅटरी विकणारे यंत्र उभे आहे. त्यात टाकायला नाणी लागतात, आणि ती नाणी म्हणजेच तुम्ही मिळवलेले धन. उजेड हवा तर धन सोडा! हे मला फार आवडले. पण त्यानेच या कृतीत गुण आणले. क्राउदरच्या पाच खजिन्यांत आणखी दहांची भर घातली आणि किती धन बाहेर आणले त्यावर मार्क देण्याची पद्धत सुरू केली. एकूण गुण ३५०. वीस वर्षे उत्तरपत्रिका तपासणारा माणूस म्हणून सांगतो, मार्क आले की हिंडणे संपते. गुहा पाहायला निघालेला मुलगा आता परीक्षेला बसलेला असतो. वुड्सने गुहा मोठी केली आणि गुहेतला वेळ लहान केला, असे माझे मत आहे.

इथवर ठीक होते. पण मी पुढे गेलो. दोन पाने टीका लिहिली आणि विद्यार्थ्याला वाचून दाखवली. माझा सिद्धांत असा: जे जे वास्तव, मोजलेले, दगडमातीचे, ते क्राउदरचे, जे जे जादूचे, बुटक्यांचे, मंत्रांचे, ते वुड्सचे. बापाने अनुभव दिला, विद्यार्थ्याने अद्भुत चढवले. आशय एकाचा, अलंकार दुसऱ्याचा. सिद्धांत इतका रेखीव होता, की मलाच त्याचे कौतुक वाटले. आणि हा माझा एकट्याचा नव्हता. अनेक वर्षे पुष्कळ लोक असेच मानत आले होते.

विद्यार्थ्याने ऐकून घेतले. मग म्हणाला, “सर, मूळ पाठ वाचूनच ठरवू या ना.”

मूळ पाठ? तो तर हरवला होता! खरेच हरवला होता. वुड्सचा पाठ घरोघर पोचला, त्यामुळे क्राउदरचा जपून ठेवायचे कोणालाच कारण उरले नाही. क्राउदरजवळही तो राहिला नव्हता. तीसएक वर्षे तो गेलाच असे समजले जात होते. पण स्टॅनफर्डमध्ये जुन्या यंत्रांवरची विद्यार्थ्यांची खाती नकलून जपून ठेवलेली होती, आणि वुड्सच्या खात्यात २००५ मध्ये क्राउदरचा प्रोग्रॅम जसाच्या तसा मिळाला: सुमारे ७०० ओळी सूचनांच्या आणि तितक्याच मजकुराच्या. डेनिस जर्झ या इंग्रजीच्या प्राध्यापकाने तो तपासला, केंटकीत जाऊन त्या गुहेत उतरून मजकुरातली ठिकाणे प्रत्यक्ष पाहिली आणि २००७ मध्ये त्यावर विस्तृत निबंध प्रसिद्ध केला.

त्या मूळ पाठात बुटके आहेत. खजिने आहेत. आणि तो प्रसिद्ध मंत्रही आहे. धड उच्चारही करता येत नाही असा पाच इंग्रजी अक्षरांचा एक निरर्थक शब्द.

माझी दोन पाने मी त्याच्यादेखत फाडली. फाडण्यात थोडे नाटक होते हे कबूल करतो, पण लाज खरी होती.

५

टीका म्हणून इथे काय घडले ते पाहा. तो मंत्र वुड्सचा असता, तर तो केवळ एक अलंकार ठरला असता; परीकथा आवडणाऱ्या तरुणाने घातलेली भर. तो क्राउदरचा आहे म्हटल्यावर त्याचा अर्थच बदलतो. हा मंत्र करतो काय? गुहेच्या आत, दगडांचा खच पडलेल्या एका दालनात तो भिंतीवर लिहिलेला आहे. तो उच्चारला, की तुम्ही क्षणात बाहेर, जिथून निघालात त्या छोट्या घरात येता. आणि घरातून उच्चारला, की पुन्हा आत.

ज्याने त्या गुहेत तासन् तास सरपटून परतीची वाट तुडवली आहे, त्याला ही वाट खोटी आहे हे आपल्यापेक्षा अधिक ठाऊक होते. फूट आणि इंच मोजून गुहा उभी करणाऱ्या माणसाने एके ठिकाणी सगळी मापे बाजूला ठेवली. का? क्राउदरने याचा काय खुलासा केला याच्याशी मला कर्तव्य नाही. मजकूर समोर आहे आणि मजकुरावर बोलण्याचा मला अधिकार आहे. मला तो एका बापाने लेकींसाठी ठेवलेला घरचा रस्ता वाटतो. आत कितीही खोल जा. दमलात, भ्यालात, तर हा शब्द म्हणा आणि घरी या. बाहेरच्या जगात ते घर मोडले होते. दोन घरांमध्ये येजा करणाऱ्या मुलींना असा शब्द कोणी दिला नव्हता.

हे वाचन कोणाला हळवे वाटेल. वाटो. पण ते चूक असले तरी निदान पुराव्यावर चूक आहे. माझे पहिले वाचन पुराव्याशिवाय रेखीव होते. हरवलेला पाठ सापडला नसता तर मी आणि माझ्यासारखे अनेक जण ते रेखीव असत्य पुढच्या पिढीला शिकवत राहिलो असतो.

हा अनुभव मराठीला नवा नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, कारण पाठभेदांनी तिचे रूप झाकले जात होते. आणि तरीही त्याच्या मागे जाऊन एकनाथपूर्व पोथी शोधण्याची तहान राहिलीच, वि. का. राजवाड्यांनी आपल्याला मिळालेली तशी पोथी १९०९ मध्ये छापली. हेच राजवाडे दप्तरांसाठी गावोगाव वणवण हिंडले. ज्यांच्या माळ्यावर ती दप्तरे होती त्यांना ती अडगळच वाटत होती. अडगळ आणि साधन यांत फरक असतो तो पाहणाऱ्याच्या डोळ्यांचा, आणि तो डोळा नेहमी उशिरा उघडतो. म्हणून आधी जपावे लागते.

मात्र या नव्या संग्राहकांवर माझा एक आक्षेप आहे आणि तो मी विद्यार्थ्याला स्पष्ट सांगितला. त्यांना गंमत पुरते. ‘हे पाहा किती जुने’, ‘हे पाहा किती विचित्र’, एवढे म्हणून ते पुढच्या वस्तूकडे वळतात. १९९६ पासून चाललेल्या इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेने २०१५ च्या जानेवारीत सुमारे २,४०० जुने खेळ घरबसल्या चालवता येतील असे खुले केले, असे त्याने सांगितले. चांगलेच झाले. पण दोन हजार पोथ्या एका खोलीत ठेवल्या म्हणजे ग्रंथालय होत नाही. जपणे ही पहिली पायरी. चालते ठेवणे ही दुसरी. ती हे लोक उत्तम चढतात. पण वाचणे, निवडणे, हे चांगले का आणि ते सुमार का हे सांगणे, ही तिसरी पायरी रिकामीच पडलेली असते. डोनाल्ड क्नुथ या थोर संगणकशास्त्रज्ञाने १९९८ मध्ये ‘अ‍ॅडव्हेंचर’चा प्रोग्रॅम नव्याने मांडला, तो माणसाने पुस्तकासारखा वाचावा अशा रीतीने, सूचना आणि त्यांचे विवरण शेजारी शेजारी ठेवून. आमच्याकडे मूळ आणि टीका एकत्र छापतात तसे. ही तिसरी पायरी. अशी उदाहरणे थोडी.

त्यावर विद्यार्थी म्हणाला, “सर, पहिल्या दोन पायऱ्या नसतील तर तिसऱ्यावर तुम्ही पाय कसा ठेवणार?” याला माझ्याजवळ उत्तर नव्हते, कारण माझी स्वतःची गोष्ट त्याला ठाऊक होती.

६

ती थोडक्यात सांगतो. माझी पहिली कादंबरी कधीच छापली गेली नाही. २००३ साली ती मी हाताने लिहिली, तालुक्याच्या गावी एका डीटीपीच्या दुकानात टाइप करून घेतली आणि प्रकाशकाकडे दिली. हस्तलिखित दुकानदाराने रद्दीत घातले. प्रकाशकाने दोन वर्षांनी ‘कागद सापडत नाहीत’ असे कळवले. माझ्याजवळ उरल्या त्या तीन फ्लॉप्या. त्या मी एका डब्यात घालून ठेवल्या आणि कादंबरी सुरक्षित आहे अशा समजुतीत पुढचे लिहीत राहिलो.

पुष्कळ वर्षांनी काढल्या, तेव्हा फ्लॉपी वाचणारे यंत्र गावात उरले नव्हते. या विद्यार्थ्याने कोठून तरी तसले जुने यंत्र पैदा केले. दोन फ्लॉप्या उघडल्या. आत पाहतो तो मराठीचे एक अक्षर नाही. नुसती इंग्रजी अक्षरे, कंस, टिंबे, डॉलरच्या खुणा. त्या काळचे मराठी टाइप असेच होते. इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी अक्षरांची चित्रे बसवलेली असत. तो विशिष्ट टाइप यंत्रात असेल तर मराठी दिसते. नसेल तर खालची इंग्रजी उघडी पडते. देवनागरीला स्वतःची घरे देणारी युनिकोडची व्यवस्था १९९१ मध्येच निघाली होती, पण छपाईच्या दुकानांत ती पोचायला फार वर्षे लागली. त्या मधल्या काळातले किती तरी मराठी लेखन अशा कुलुपांत अडकले आहे, आणि प्रत्येक कुलपाची किल्ली निराळी. केंटकीतली गुहा दूर राहिली. हा चकवा आपल्या घरातला आहे.

त्याने चार महिने तो टाइप शोधला. एका बंद पडलेल्या छापखान्याच्या यंत्रात तो मिळाला. मग एका संध्याकाळी माझी वाक्ये माझ्यासमोर उमटली. पंधरा प्रकरणे. तिसरी फ्लॉपी बुरशीने गेली होती. शेवटची तीन प्रकरणे तिच्यात होती. मी ती कशी संपवली होती, मला आठवत नाही. आठवेल ते आजचा माणूस लिहील. तेव्हाचा शेवट तो नव्हे. माझ्याच कादंबरीचा मी आता वुड्स होऊ शकतो, क्राउदर नाही.

म्हणून त्याच्या छंदाला मी आता भंगार म्हणत नाही. आक्षेप मात्र मागे घेतलेला नाही. त्याने जपावे, चालवावे. आम्ही वाचणाऱ्यांनी नाके मुरडणे सोडून त्याच्या शेजारी बसावे आणि आपले काम करावे. या दोघांची गाठ पडत नाही तोवर एकाजवळ नुसता साठा राहील आणि दुसऱ्याजवळ नुसती मते.

त्या दिवाळीत त्याची मुलगी तिसऱ्या संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसली. मराठी शाळेत जाते; इंग्रजी अजून अडखळत वाचते. “आजोबा, यात काय लिहिलंय?” तिने विचारले. मी तिला मराठीत सांगू लागलो. क्रियापदाशी या खेपेस अडलो नाही. ती उभी होती, तिच्यासमोर ते घर होते, तिला दिवा सापडला. ती सांगायची आणि मी तिच्यासाठी इंग्रजी शब्द टाइप करायचो. पक्ष्यापाशी आली तेव्हा मी मुद्दाम गप्प राहिलो. तिने पुन्हा पुन्हा पक्षी धरायचा प्रयत्न केला. मग थोडा वेळ विचार करून म्हणाली, “माझ्या हातात ती काठी आहे ना अजून? ती ठेवते खाली.”

आतून फराळाला हाक आली होती. आम्ही दोघेही गेलो नाही.